इन्सुलेशन केलेलं घर गोव्याच्या मे महिन्यात थंड कसं ठेवायचं

आमचं घर फोंडा तालुक्यात, तीन वर्षांपूर्वी बांधलं. भिंती एएसी ब्लॉकच्या, म्हणजे सिमेंटच्या हलक्या सच्छिद्र ठोकळ्यांच्या, स्लॅबवर दोन इंची फोमचे बोर्ड, त्यावर सिमेंटचा थर आणि पांढऱ्या टाइल्सचे तुकडे, खिडक्या यूपीव्हीसीच्या, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीच्या, डबल काचेच्या. खर्च बक्कळ झाला, आणि ज्याने खिडक्या विकल्या त्याने छातीठोकपणे सांगितलेलं की मॅडम, तुम्हाला पंखासुद्धा लागणार नाही. पहिल्याच मे महिन्यात रात्री साडेनऊला आम्ही सगळे बाहेर पायरीवर बसलेलो, कारण बाहेर बरं वाटत होतं आणि आत हॉलमध्ये ३२ डिग्री. बाबा डिचोलीहून आलेले, त्यांचं घर जुनं, चिऱ्याचं, दीड हात जाड भिंती आणि वर मंगलोरी कौलं. ते आत एक फेरी मारून आले, टॉवेलने मान पुसली आणि म्हणाले, "घर नव्हे गो, थर्मास बांधलास."

तेव्हा राग आला, पण नंतर विचार केला तर अख्खं उत्तर त्यातच होतं. थर्मासात बर्फ घातला तर बर्फ राहतो, चहा घातला तर चहा गरम राहतो, थर्मासाला त्याचं काही पडलेलं नसतं. इन्सुलेशनचं तेच. बाहेरची उष्णता अडवतं हे खरं, पण एकदा काचेतून आत आलेली किंवा घरातच तयार झालेली उष्णता पण तेवढ्याच इमानदारीने धरून ठेवतं. बाबांच्या घरात गरम हवा वर जाते आणि कौलांच्या फटीतून निघून जाते, आमच्या पॅक घरात ती जाणार कुठून. म्हणजे अशा घरात मेहनत करायची ती उष्णता आत शिरू नये आणि आत तयार होऊ नये यासाठी, आणि तरी जी उरते ती कुठल्या वेळी बाहेर काढायची ते बघायचं.

सगळ्यात आधी खिडक्या, कारण आमची मोठी चूक तिथेच होती. डबल काच म्हणजे ऊन थांबलं असं सगळ्यांना वाटतं, मलाही वाटलेलं. पण साधी डबल काच बाहेरच्या हवेची उष्णता अडवते, उन्हाची नाही. दोन्ही काचा साध्या पारदर्शक असतील तर उन्हातली ७० टक्क्यांच्या आसपास उष्णता आरामात आत येते, त्यासाठी ऊन परतवणारं कोटिंग असलेली काच वेगळी मागून घ्यावी लागते, आणि ते मला खिडक्या बसल्यावर कळलं. दुपारी चारला पश्चिमेच्या खिडकीवर सरळ ऊन असेल तर एक चौरस मीटर काचेतून चारपाचशे वॉट आत येतात. अशा दोन खिडक्या म्हणजे हॉलमध्ये दुपारभर इस्त्री चालू ठेवल्यासारखं. मग मी काय केलं, तर जाडजूड ब्लॅकआउट पडदे आणले. हॉल अंधारा झाला आणि गरम तसाच. एकदा पडदा आणि काचेच्या मध्ये हात घालून बघा तुम्ही पण, मी घातला आणि लगेच काढला, तिथे भट्टी असते आणि पडद्याचं अस्तर भाजलेल्या पापडासारखं कडकडीत. ऊन काचेच्या आत आलं की ते घरात आलंच, मग ते पडद्यावर पडू दे नाहीतर लादीवर.

त्यामुळे सावली काचेच्या बाहेरून करायची, यात दुसरा पर्याय नाही. बांबूची चीक, म्हणजे काड्यांचा पडदा, बाहेरून टांगा, हिरवी शेडनेट दोरीने ताणून बांधा, माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप मिळाले तर ते लावा, पाहुण्यांना कसं दिसेल याचा विचार दोन महिने सोडून द्या. चीक काचेला चिकटवू नका, वीतभर अंतर ठेवा म्हणजे मधली गरम हवा वरून निघून जाते. आणि खाली दोन्ही कोपऱ्यांना दोरीने खिळ्याला बांधून टाका, आमची पहिली चीक एका वळवाच्या वाऱ्यात शेजाऱ्यांच्या आंब्यावर जाऊन बसली होती.

कुठल्या खिडकीला लावायची हा पण एक घोळ आहे. दक्षिणेचं ऊन कडक असं आपण ऐकत आलोय, ते थंडीत खरं, मे मध्ये नाही. गोवा साडेपंधरा अक्षांशावर आहे म्हणून मेच्या सुरुवातीलाच दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो, उभ्या खांबाची सावली पडत नाही, आणि त्यानंतर ऑगस्टपर्यंत तो आपल्या उत्तरेच्या बाजूला असतो. म्हणजे मे महिन्यात दक्षिणेच्या खिडकीवर सरळ ऊन येतच नाही, उलट उत्तरेच्या खिडकीवर सकाळ संध्याकाळ तिरपं येतं जे घर बांधताना कोणीच धरलेलं नसतं. सोपी युक्ती अशी की एका सुट्टीच्या दिवशी खडू घ्या, आणि लादीवर जिथे जिथे ऊन पडलंय तिथे कडेने रेघ मारून वेळ लिहा, दर तासाला. आम्ही हे केलं तेव्हा कळलं की जिन्याची उंचावरची छोटी खिडकी, जिच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, ती साडेतीन ते सहा सरळ ऊन आत ओतत होती. दुपारच्या उंच उन्हाला छज्जा चालतो, पण चार वाजल्यानंतरचं ऊन आडवं येतं, त्याला छज्जा काही करू शकत नाही, तिथे उभीच आडोशाची सावली लागते. जुन्या घरातले काचेऐवजी शिंपल्या बसवलेले झरोके आठवा, उजेड मऊ यायचा आणि ऊन डोळ्यावर नाही, शिवाय पुढे बल्कांव, म्हणजे दारापुढचा बसायचा छपराचा ओटा, किंवा पडवी. आपण ते सगळं काढलं आणि तिथे सहा फुटी काच लावली.

जागा असेल तर पश्चिमेला मांडव घाला. फेब्रुवारीत दोडकं किंवा घोसाळं लावलं तर एप्रिलच्या मध्यावर बऱ्यापैकी पानं दाटतात, पाणी मात्र रोज घालावं लागतं. केळी पण चालतील. फक्त भिंतीला अगदी लागून नको, ओल येते आणि मुंग्या पण.

आता खिडक्या उघडायच्या कधी. यासाठी तीनचारशे रुपयांचे दोन डिजिटल थर्मामीटर घ्या, जे आर्द्रता पण दाखवतात, एक आत आणि एक बाहेर सावलीत. घरातली अर्धी भांडणं त्याने मिटतात. आमच्या सासूबाईंचं म्हणणं की दारं खिडक्या उघड्या हव्यात, वारा खेळला पाहिजे, आणि नवरा म्हणणार की बंद, इन्सुलेशनवर एवढा पैसा घातलाय. आता बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा कमी असेल तर उघडायचं, जास्त असेल तर बंद, वाद नाही. साधारण सकाळी साडेआठ नऊला बंद होतं आणि संध्याकाळी सात साडेसातनंतर उघडतं. खारे वारे आणि मतलई वारे शाळेत पाठ केलेले, त्याचा उपयोग मला चाळिशीनंतर झाला. दुपारी समुद्राकडून वारा येतो, पश्चिम आणि वायव्येकडून, आणि रात्री उशिरा तो उलटा, जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. म्हणून रात्री पूर्वेची खालची खिडकी आणि जिन्याची वरची खिडकी दोन्ही उघडी ठेवायची. गरम हवा जिन्यातून वर चढतेच, वरच्या खिडकीत टेबलफॅन बाहेरच्या दिशेला तोंड करून ठेवला तर तो ती ओढून बाहेर फेकतो आणि खालून थंड हवा आपोआप आत येते. लोक पंखा आत तोंड करून ठेवतात आणि मग म्हणतात फरक पडत नाही.

पण एक गोष्ट आधीच सांगते, ही रात्रीची युक्ती फेब्रुवारी मार्चमध्ये मस्त चालते कारण तेव्हा रात्री २१-२२ पर्यंत उतरतं. मेच्या मध्यावर रात्रीसुद्धा २६-२७ च्या खाली फार जात नाही, दिवसा ३३-३४, म्हणजे मधला फरक फक्त सातेक डिग्रीचा. त्यामुळे विदर्भातल्या कुणाचा व्हिडिओ बघून अपेक्षा ठेवू नका. तिकडे दिवसा बाहेर ४४ असताना आत ३४ मिळालं तरी दिवाळी, आपल्याकडे दिवसभर आत २९ राहिलं आणि डोक्यावर पंखा असला तर तेवढं पुष्कळ. आणि कधीकधी दुपारी घरात माणसं जास्त असली की आतला आकडा बाहेरच्या पुढे जातो, अशा वेळी तत्त्व बित्त सोडून सरळ सावलीच्या बाजूच्या खिडक्या उघडायच्या.

माणसं जास्त म्हणजे काय तेही बघा. एक माणूस नुसता बसला तरी साधारण १०० वॉट उष्णता सोडतो. मे महिन्यात पुण्याची मंडळी येतात, दहा जण हॉलमध्ये पत्ते खेळत बसले की एक हजार वॉट, म्हणजे अर्धा गीझर. पाहुण्यांना बाहेर काढता येत नाही, पण पत्त्यांचा डाव संध्याकाळी पडवीत हलवता येतो. तसंच जेवढी वीज घरात जळते तेवढी शेवटी उष्णताच होते. मुलाचा गेमिंग पीसी तीनचारशे वॉट खातो आणि ते सगळे त्याच्या खोलीत ओततो, म्हणून त्याची वेळ आता रात्री, खिडकी उघडी असताना. पंखा खोली गार करत नाही, माणसाला गार करतो, रिकाम्या खोलीत फिरणारा पंखा म्हणजे ७५ वॉटचा हीटर. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, पंखे साधारण ३० वॉटचे येतात, बिलापेक्षा मला हे कारण जास्त पटलं.

स्वयंपाकघर हा तर वेगळा विषय आहे आणि इथे बायकांना उपदेश करणारे लोक स्वतः कधी मे महिन्यात पोळ्या लाटायला उभे राहिलेले नसतात. गॅसची बरीचशी उष्णता भांड्याला लागतच नाही, बाजूने खोलीत जाते. त्यात अजून एक, गॅस जळला की पाण्याची वाफ पण तयार होते. हिशोब केला तर १४.२ किलोचा एक सिलिंडर संपेपर्यंत साधारण २२ लिटर पाणी हवेत सोडतो, आणि भाताची, डाळीची वाफ त्याहून वेगळी. पॅक घरात ती वाफ जाते कुठे, तर आपल्याच अंगावर. मी काय करते, भात, डाळ, भाजी सकाळी आठच्या आत आटोपते, तोपर्यंत खिडक्या उघड्याच असतात. दुपारी फक्त हुमण, म्हणजे माशाची आमटी, गरम करायचं आणि मासे तळायचे तेवढे इंडक्शनवर, इंडक्शनची बहुतेक उष्णता भांड्यातच जाते. एक्झॉस्ट फॅन स्वयंपाक सुरू करायच्या आधी लावायचा आणि झाल्यावर पंधरा मिनिटं तसाच ठेवायचा, आणि हॉलकडचं दार ओढून घ्यायचं. एक्झॉस्ट हवा बाहेर टाकतो तेव्हा तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी, म्हणून स्वयंपाकघराचीच एखादी खिडकी बोटभर उघडी. नाहीतर तो नुसता घुंघुं करतो. चिमणी घेणार असाल तर पाइपने बाहेर हवा सोडणारीच घ्या, फिल्टर करून परत खोलीत सोडणारी आपल्या कामाची नाही.

छताचं थोडक्यात, कारण इन्सुलेशन केलेलं असेल तर अर्धं काम झालेलं आहे. मे मध्ये सूर्य डोक्यावर म्हणजे सगळ्यात जास्त ऊन भिंतींवर नाही, स्लॅबवर पडतं. इन्सुलेशन स्लॅबच्या वर असेल तर स्लॅबचं काँक्रीट घराच्या आतल्या बाजूला राहतं, रात्री गार होतं आणि दिवसा थोडा गारवा देतं, म्हणून खालून थर्माकोल लावण्यापेक्षा ते चांगलं. वरचा पृष्ठभाग पांढरा हवा, पण आपल्याकडे तो पांढरा राहत नाही. पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि ते वाळून काळं होतं, आणि काळी गच्ची पांढरीपेक्षा कितीतरी जास्त तापते. फेब्रुवारीत ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासा, चुना मारा. शेजारी सगळ्यांनी पावसासाठी गच्चीवर पत्रे घातलेत, ते पण सावलीला उत्तम, फक्त बाजू उघड्या पाहिजेत म्हणजे खालून वारा जातो. आमच्याकडे पत्रे घालता येत नाहीत कारण सासूबाईंची आमसुलं आणि मिरच्या मे महिन्यात तिथेच वाळतात आणि तो विषय घरात काढायचा नाही.

कौलारू घराला खालून फॉल्स सीलिंग आणि इन्सुलेशन केलं असेल तर कौल आणि सीलिंगच्या मधली हवा बाहेर जायला दोन्ही टोकांना जाळी ठेवा. आणि उजेडासाठी बसवलेलं काचेचं कौल दोन महिने वरून झाका, त्या एका कौलातून काय आग येते ते खाली उभं राहिल्यावर कळतं.

आता घामाबद्दल, म्हणजे आर्द्रतेबद्दल. सोलापूरचा माझा मावसभाऊ दरवर्षी सांगतो, ताई कूलर घे, वाळ्याचे पडदे लाव, पाणी मार. तिकडे हवा कोरडी, पाणी उडून जाताना उष्णता ओढून घेतं म्हणून गार वाटतं. आपल्याकडे हवेत आधीच ७० टक्क्यांच्या वर ओल, पाणी उडणार कुठे. बंद खोलीत कूलर लावला तर अर्ध्या तासात पापड सादळतात, गादी दमट लागते आणि घाम वाळत नाही. तसंच भर दुपारी गारव्यासाठी लादी पुसणं, ओले कपडे घरात वाळत घालणं, आंघोळ झाल्यावर बाथरूमचं दार उघडं टाकणं, हे सगळं पॅक घरात महागात पडतं. लादी सकाळीच पुसा, खिडक्या उघड्या असताना.

एसी वापरायचा का, तर हो, त्यात लाज कसली. उलट इन्सुलेशनचे पैसे खरे तिथेच वसूल होतात. आमच्या १२० चौरस फुटांच्या बेडरूमला ०.८ टनाचा एसी पुरतो. दुकानदार दीड टन म्हणत होता, ऐकलं नाही ते बरं झालं. मोठा एसी दहा मिनिटांत खोली गार करून बंद पडतो, हवेतली ओल काढायला त्याला वेळच मिळत नाही, मग गार पण चिकट असं विचित्र वाटत राहतं. छोटा सावकाश चालत राहतो आणि पाणी काढत राहतो, आमच्या ड्रेनच्या पाइपखाली सकाळपर्यंत अर्धी बादली भरते, ते मी मांडवाला घालते. २०२० पासून स्टार रेटिंगचे नवे एसी चालू केल्यावर मुळात २४ वर सुरू होतात, पण आम्ही २६ ठेवतो आणि वर हळू पंखा, मुलं चादर ओढून झोपतात.

एसीच्या बाबतीत आमचा एक घोटाळा झाला तो सांगते. नवऱ्याला ही उघडझाक एकदम पटली होती, तर एका सकाळी सहाला, रात्रभर २३ वर एसी चाललेल्या बेडरूमच्या सगळ्या खिडक्या त्याने हौसेने उघडल्या. पाच मिनिटांत आरसा धुकट, कपाटाच्या दारावर थेंब, आणि लादी अशी घामेजली की तोच तिच्यावरून घसरला, कोपर चांगलं सुजलं. बाहेरची हवा २६ ची असली तरी ओलीने भरलेली, ती २३ च्या लादीला लागली की पाणी सुटणारच, फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला सुटतं तसं. त्यामुळे खोली एकतर एसीची किंवा उघडी, त्याच खोलीत दोन्ही नको. एसी बंद केल्यावर तासभर पंखा चालू ठेवून लादी नेहमीच्या तापमानाला येऊ दे, मग उघडा. हे रोज चुकलं तर कपाटामागे बुरशी येते आणि ती पावसाळ्यात मग हाताबाहेर जाते.

तरी पॅक घरात ताजी हवा लागतेच, एसी तीच ती हवा फिरवत असतो. सकाळी डोकं जड वाटत असेल तर आधी ते तपासा. झोपताना दाराखालची फट कापडाने बुजवू नका, आणि रात्री बाथरूमचा एक्झॉस्ट थोडा वेळ लावला तर काम भागतं.

गोव्यात मान्सून साधारण ५ जूनला येतो, त्याच्या आधी आठवडाभर ढग साठतात, उकाडा सगळ्यात वाईट तेव्हा, रात्री उघडून उपयोग नाही, लाइट पण जाते. त्या दिवसांसाठी एकच खोली एसीची ठरवून टाका आणि सगळ्यांनी तिथेच गाद्या घाला, चार खोल्या गार करायच्या भानगडीत पडू नका. आणि मेच्या शेवटच्या आठवड्यात चिका उतरवून, कोरड्या करून माळ्यावर टाका. गेल्या वर्षी आम्ही एक दिवस उशीर केला आणि परत शेजाऱ्यांच्या आंब्यावर चढावं लागलं.